कडेगावच्या मोटारीचा ठोका

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मेढ्याला बैलगाड्या करायचे. त्यांच्या गाडीचं चाक बोललं नाही तर गिऱ्हाईक गाडी नेत नसे. बैलगाडीचं चाक आखावर घट्ट बसवत नाहीत, त्याला आत-बाहेर सरकायला थोडी जागा ठेवतात. गाडी चालली की चाकाचा मधला तुंबा आखाच्या टोकाशी असलेल्या लोखंडी चकतीवर जाऊन आपटतो आणि आवाज उठतो. त्याला म्हणायचं ठोका. चांगल्या गाडीचा ठोका शिवारापलीकडून ऐकू येई, आणि घरातली बाई त्यावरून आपलीच गाडी आहे हे ओळखून चुलीवर तवा चढवी. आबांच्या गाड्यांचा ठोका त्या डोंगरपट्टीत नावाजलेला होता. गिऱ्हाईक गाडी बघायला आलं की आबा लाकूड कुठलं, आरे किती याबद्दल अवाक्षर काढत नसत. बैल जुंपायचे, गाडी ओढ्यापर्यंत सोडायची, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हितंच उभं ऱ्हावा आन् ऐका."

या माणसाचा मुलगा साताऱ्यात मोटारीच्या गॅरेजात शिरला आणि सगळं उलटं शिकला. मोटारीचं पुढचं चाक बोलता कामा नये. बोललं तर समजायचं की काहीतरी झिजलंय, आणि कुठल्या तरी उतारावर ते दगा देणार आहे. मी आयुष्यभर मोटारींची पुढची चाकं मुकी करत आलो. आबांना ते कधीच पटलं नाही. "आवाज न्हाई ती गाडी कसली रं? मढं वाहून नेल्यावाणी," असं ते म्हणत, आणि मोटारीत बसायचं टाळत.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या काळच्या मोटारींना पुढं एक आडवा लोखंडी दांडा असे. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जाड खिळा, त्याला किंगपिन म्हणतात. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं चाक त्या किंगपिनवर वळतं. दोन्ही चाकांनी एकदम वळावं म्हणून त्यांना जोडणारी एक काठी असते, आणि काठीच्या टोकांना बॉल जॉइंट. हा आपल्या खांद्यासारखा असतो. लोखंडाची गोळी लोखंडाच्या वाटीत बसलेली, म्हणजे हवं तसं फिरताही येतं आणि निसटतही नाही. निसटत नाही, जोवर गोळी गोल आहे आणि वाटी झिजलेली नाही तोवर. आपल्याकडच्या धुरळ्यात दोन्ही फार लवकर झिजत.

ही दुरुस्ती झाली की चाकांची नजर जुळवायची. सरळ उभ्या गाडीची चाकं अगदी समांतर नसतात, पुढच्या अंगाला ती एकमेकांकडं किंचित वळलेली लागतात. किंचित म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढी. यंत्रबिंत काही नव्हतं. टायरवर खडूची खूण करायची, बांबूची काठी त्या मापाची तासायची, पुढचं माप आणि मागचं माप ताडून बघायचं. हे कसब मी आबांकडून आणलं होतं. चाकाचा वाकडेपणा ते अशाच काठीनं काढत. दुसरी मोठी लढाई चालू होती, टायर मिळायचा तर सोन्याच्या भावानं, आणि चाकांची नजर चुकली की गाडी टायर खरवडून खाते. त्यामुळं मला त्या वर्षांत मान फार होता. पेट्रोलही मोजूनमापून मिळे. सर्व्हिस मोटारी मागं कोळशाची भट्टी लावून गॅसवर चालत आणि चढावर उतारूंना खाली उतरवत. पण असल्या गाड्याही पुढच्या चाकांसाठी माझ्याकडंच येत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. तासगावचा शेंगांचा एक अडत्या होता. त्याची गाडी डावीकडं ओढायची. माझ्याकडं येण्याआधी त्यानं स्वतःच इलाज करून पाहिला होता, उजव्या बाजूला शेंगांचं भरलं पोतं ठेवलं होतं. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "आवं मिस्त्री, डाव्या अंगाचा बैल आळशी पडला की वझं उजवीकडं सारत्यात. तुमाला ठावं न्हाई व्हय?" मला ठाऊक होतं, चांगलंच. डावी किंगपिन पार झिजली होती. ती बदलली, गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली. पैसे देऊन त्यानं पोतं परत उजवीकडंच ठेवलं. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गाडीला सव लागलीया."

आम्ही गॅरेजातले लोक अशा माणसांना हसत असू. मी जरा कमी हसायचो. सगळ्यांचं शहाणपण बैलगाडीतून आलेलं, आणि माझंही तिथूनच आलेलं.

आता ज्या गाडीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडं येतो. ती कडेगावकडच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याची होती. गावात त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणायचो. विहिरीवरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, आणि सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली ही जुनी मोटार. तात्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याच गाडीवर हाकायला शिकला आणि त्याच जोरावर फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती होऊन समुद्रापार गेला. तो लढाईतून जिवंत परत आला हे आत्ताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्याची हौस मला या वयात उरलेली नाही.

तात्या गाडी घेऊन आले ते टायरची तक्रार घेऊन. नवा टायर महिन्यात बोडका झाला होता. मी गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणली. खड्डा आला की डाव्या चाकाशी आवाज येत होता, ठक, ठक. मी म्हटलं, "तात्या, बॉल जॉइंट गेलाय. दोन दिवस गाडी ठेवा."

"टायरचं काय ते करा मिस्त्री. ठोक्याला हात लावू नका."

मला वाटलं, आला आणखी एक बैलगाडीवाला. मी हसत म्हटलं, "तात्या, मी सुताराचा पोरगा आहे. ठोका बैलगाडीला शोभतो. हा मोटारीचा आजार आहे."

"आसंल. पर काढायचा न्हाई."

मग मी त्यांना गाडीखाली वाकायला लावलं. चाकं जोडणारी काठी हातात धरून नुसती खाली ओढली, आणि गोळी वाटीतून निसटून माझ्या हातात आली. त्या माणसाचा चेहरा उतरला. ही गोळी घाटात निसटली असती तर हातातलं चाक एकीकडं फिरलं असतं आणि पुढचं चाक दुसरीकडं गेलं असतं. हे मला सांगावं लागलं नाही. येताना मागं बायकोपोरं बसवून ते घाटातूनच आले होते, आणि ती मंडळी आता बाजारात खरेदी करत होती.

गॅरेजच्या दारातल्या बाकावर ते येऊन बसले. मग त्यांनी सांगितलं.

त्यांच्या आईला मोतीबिंदूमुळं दिसत नव्हतं. श्रीपती फौजेत निघाला तेव्हा म्हातारीनं रडून आकांत केला. तिला गप्प करायला तो गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "आये, हिचा ठोका वाजतोय तवर मी खुशाल हाय समज." पोरानं निघताना तोंडाला येईल ते बोलून वेळ मारून नेली. म्हातारीनं ते धरून ठेवलं. रोज संध्याकाळी ती ओट्यावर बसायची. तात्यांची गाडी ओढ्यात उतरली, ठोका वाजला, की हात जोडायची आणि मगच घास खायची, गाडी परगावी मुक्कामाला असली तर नुसतं दूध पिऊन राहायची. गाडी बाहेर निघाली नाही त्या दिवशी तात्या नुसतं ओढ्यापर्यंत जाऊन येत. पेट्रोलच्या त्या टंचाईत.

"आता ह्यो ठोका मोडला तर मी तिला काय सांगू? तिचा ल्योक तितं लढाईत, आन् हितं मीच..."

"तात्या, गाडी मी अशी सोडणार नाही," मी म्हटलं. "रागवा, भांडा, दुसऱ्या गॅरेजात ओढत न्या. पण ही गोळी परत या वाटीत बसवून मी तुमच्या हातात गाडी देणार नाही."

"मग माझ्या आईचं काय ते बी तुमीच बगा," ते चिडून म्हणाले आणि बायकोपोरांना घेऊन सर्व्हिस मोटारीनं निघून गेले.

नवा बॉल जॉइंट त्या दिवसांत कुठून मिळणार? बोटीनं येणारा माल बंद होता. मी सांगलीला एका लेथवाल्याकडं गेलो. मोडक्या लॉरीच्या आखाचं चांगलं पोलाद होतं, त्यातून गोळी कातून घेतली आणि तिथंच लाल करून तेलात बुडवून तिला पाणी दिलं, म्हणजे टणक केलं. ही कामं मी एरवी मन लावून करी. त्या दिवशी लक्ष नव्हतं. गोळी वाटीत बसणार, ठोका जाणार, गाडी शंभर टक्के चांगली होणार, आणि एक म्हातारी जेवायची बंद होणार. माझ्या धंद्यानं मला असल्या पेचावर काही शिकवलं नव्हतं. तेव्हा मी ज्याच्याकडं उत्तर असेल अशा माणसाकडं, म्हणजे मेढ्याला आबांकडं गेलो.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, याचं मला नवल वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हातारी काळ्या मातीतली हाय की माळावरची?"

"त्याचा काय संबंध?"

"काळ्या मातीत चाक बुडतं, ठोका मंद पडतो. तितल्या मानसाच्या कानात तसाच बसल्याला असतो. नवा ठोका लय खणखणीत केलास तर म्हातारी फरक वळखंल."

काळ्या मातीतली, असं मी सांगितल्यावर त्यांनी अडगळीतून जुन्या धावेचा एक तुकडा काढला. चाकाच्या बाहेरून जी लोखंडी पट्टी बसवतात ती धाव. वर्षानुवर्षं दगडांवर आपटून ते लोखंड वेगळं वाजतं असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारच्या लोहाराकडून त्यांनी त्याची कडी वळवून घेतली. मग ती दोरीला टांगून, काठीनं वाजवून, कान लावून ऐकली. परत तापवली, परत वाजवली. दुपार त्यातच गेली. शेवटी कडी माझ्या हातात देताना म्हणाले, "मोटारीला बी शेवटाला ठोका लागलाच की. आन् त्यो बी माझ्याकडनंच."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यानंतर पाहिला नाही. मोटारी आल्यापासून त्यांच्याकडची गाड्यांची मागणी आटत चालली होती, आणि त्यात माझाही हात होता. हे आम्ही कधी बोललो नाही.

मी गोळी बसवली, किंगपिन बदलल्या, चाकांची नजर जुळवली. आता गाडी इतकी गप्प चालायला लागली की मलाच ती आवडली. मग पुढच्या आडव्या दांड्यावर, डाव्या चाकाजवळ, कशाच्या आड येणार नाही अशा जागी ती कडी एका बोल्टावर सैल टांगली. खड्डा आला की ती दांड्यावर आपटे. ठक. चांगल्या गाडीला खोटा आजार लावून देणारा मिस्त्री जगात दुसरा कुणी नसेल, असं म्हणत मी स्वतः गाडी हाकत कडेगावला गेलो. आबांना आणि मला सोडून ही कडी फक्त तात्यांनाच माहीत होती, त्यांना मी चिठ्ठी धाडून आधीच कळवलं होतं.

ओढ्यात उतरताना कडी वाजली, ठक. म्हातारी ओट्यावर होती. गाडी थांबली, तात्या पुढं आले, आणि आम्ही दोघंही चोरासारखे उभे राहिलो. म्हातारीनं मान कलती केली.

"तात्या, ठोका बदललाय रं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आई, वंगण घातलंय नवं."

"तू कोण?"

"मेढ्याच्या सुताराचा पोरगा. मोटारीचं काम करतो."

"व्हय," ती म्हणाली. "वंगणानं ठोका खुलतो." आणि हात जोडले. मग मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी खोटं बोललो होतो आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं, हे खरं तेच लिहितो.

असं बरेच महिने चाललं. पुढं एकदा स्प्रिंगचं पान तुटलं म्हणून तात्या गाडी आमच्याकडं टाकून गेले. काम झालं, गाडी दारात उभी होती, आणि मी लेथच्या कामाला सांगलीला गेलो होतो. नेमका त्याच दिवशी श्रीपती रजेवर आला. फौजेच्या कचेरीत काही काम होतं म्हणून आधी साताऱ्यात उतरला आणि गॅरेजच्या दारात त्याला घरची गाडी दिसली. आमच्या गॅरेजच्या मालकांनी ओळख पटल्यावर गाडी त्याच्या ताब्यात दिली. त्यांना कडीचं काही माहीत नव्हतं. मी तिथं असतो तर पुढचं टळलं असतं, हे मला अजून टोचतं.

श्रीपती गाडी घेऊन निघाला. फौजेनं त्याला चांगला ड्रायव्हर केला होता. पुढं काहीतरी वाजतंय म्हटल्यावर त्यानं वाटेतच एका झाडाखाली गाडी थांबवली, खाली शिरला, कडी सापडली. कुठल्या येड्यानं ही इथं टांगलीय म्हणून हसला, बोल्ट काढला आणि कडी सीटखाली टाकली. स्वतः निघताना काय बोलून गेलो होतो, ते त्याच्या गावीही नव्हतं.

गाडी ओढ्यात उतरली. म्हातारीला इंजिनाचा आवाज ओळखता येत होता. इंजिन आलं, ओढा चढलं, दाराशी आलं. ठोका आलाच नाही.

तिनं मांडीवरचं सूप भिरकावलं आणि ऊर बडवून घ्यायला सुरुवात केली. "गेला गं माझा शिरपा, गेला!" शेजारच्या बाया धावल्या, त्यांनीही गळा काढला. कुणी गाडीकडं बघितलंच नाही. श्रीपती घाबरून उतरला. त्याला वाटलं घरात कुणी गेलं. तात्या दिसत नव्हते, ते मळ्यात होते. तो गर्दीत घुसला आणि ओरडला, "कोण गेलं? आवं, कोण गेलं, सांगा की!"

एक बाई त्याच्याकडं बघून मटकन खाली बसली. म्हातारीचा हात छातीवरच थांबला. तिनं चाचपडत त्याचं तोंड धरलं, कान चाचपले, कपाळावरचा लहानपणचा वण चाचपला. आणि मग त्याच हातानं एक थोबाडीत दिली.

"ठोका कुठं घालवलास माझा?"

हे मला तात्यांनी सांगितलं. सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते.

श्रीपती माझ्याकडं आला तो रजा संपत आल्यावर. उंच, उन्हानं रापलेला, फौजी बुटातला. त्यानं रुमालातून कडी काढून माझ्या बाकावर ठेवली.

"मिस्त्री, ही तुमीच बसवली न्हवं?"

"मीच."

"काम झ्याक हाय. बॉल जॉइंट बगितला मी. फौजेच्या वर्कशॉपात बी आसा न्हाई बसवत." त्यानं कडी माझ्याकडं सरकवली. "ही परत बसवायची हाय."

मी म्हटलं, "आता तिला माहीत झालंय की नुसती कडी आहे. मग काय उपयोग?"

"मी बी त्येच म्हनलो. आये, ही सुताराच्या पोरानं टांगलेली कडी हाय. ह्यात माझा जीव न्हाई. तर म्हनली, मला ठावं हाय रं. मी काय खुळी हाय? पर तू तिकडं गेल्यावर सांच्याला मी काय ऐकू?" त्यानं कडी बोटानं फिरवली. "बसवा."

आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. दोघंही गाडीचा आवाज मारायला शिकलेले, आणि दोघं मिळून आवाज बसवत होतो. कडी बोल्टावर टांगली. बोल्ट सुटू नये म्हणून मी आडवी पिन घातली आणि तिची टोकं वाकवली. श्रीपतीनं बघितलं, बाहेर जाऊन माझ्या डब्यातून दुसरी पिन आणली आणि तीही घातली.

"वाटंत कुटं पडली तर?" तो म्हणाला. "मी तितं धडधाकट आसंन, आन् हितं आये..."

"श्रीपती, गाडी मोडेल. कडी पडणार नाही."

त्यानं तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. उताणा पडल्या पडल्या त्यानं कडीला जोरात हिसका दिला, मग आणखी एक. ती दांड्यावर आपटत राहिली आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. मी उठायला लागलो तशी त्यानं माझं मनगट धरलं.

"थांबा की मिस्त्री," तो म्हणाला. "आयेला कसं ऐकू येतं, ते जरा ऐकू द्या."